गोळ्यांचा डबा

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. आम्ही तेव्हा अंथुर्ण्यात दोन खोल्यांत राहत होतो. माझी नोकरी बारामतीच्या एमआयडीसीतल्या दूध प्लँटमध्ये आणि रविवारची उपासना इंदापुरात. दोन्हींच्या मधे पडतं म्हणून हे गाव धरलं होतं. बायको याच तालुक्यातल्या ख्रिस्ती घरातली, तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ. लग्नाला चार वर्षं झाली आणि तिला क्षय निघाला.

सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या. दोन महिन्यांत ताप हटला, खोकला थांबला, गालावर मांस दिसू लागलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, बरं वाटलं तरी सहा महिने एकही दिवस चुकवायचा नाही. ते मी नीट ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायला मला आजही जागा नाही.

आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान. एका सभासदाच्या पत्र्याच्या शेडमध्ये उपासना व्हायची. गाणी झाली की पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, विचारायचे, कुणाला साक्ष द्यायची आहे? देवाने आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून चारचौघांत सांगायचं, ही साक्ष. पाण्याचा पंप चालू झाला इथपासून नोकरी लागली इथपर्यंत लोक काहीही सांगत. मी मागे बसणारा माणूस, माझ्याकडे सांगण्यासारखं कधी काही नसायचं. त्या रविवारी मी उठलो आणि म्हणालो, "माझ्या पत्नीला क्षय होता. तुम्ही प्रार्थना केल्या. प्रभूने तिला पूर्ण बरं केलं."

गोळ्या चालू आहेत, हे पुढचं वाक्य ओठांवर होतं. पण सगळे "हालेलूया" म्हणून उठले, पाळकांनी मला मिठी मारली, आणि ते वाक्य मी गिळलं. खरं सांगतो, छान वाटलं.

परतताना मोटरसायकलवर मागून तिने विचारलं, "आता गोळ्यांचं काय करायचं?"

मी म्हणालो, "सभेत बरी झाली म्हणायचं आणि घरी येऊन गोळ्या खायच्या, बरं दिसतं का ते? पूर्ण भरवसा ठेवायचा तर पूर्ण ठेवावा."

 ती म्हणाली, "तुमी म्हणाल तसं."

गोळ्या एका बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात असत. तो मी फेकला नाही. फळीवर पिठाच्या डब्यामागे सारून ठेवला. भरवसा पूर्ण होता तर डबा कशाला ठेवला? हा प्रश्न मी तेव्हा स्वतःला विचारला नाही. पाळक मात्र गावोगावी माझी साक्ष सांगत फिरले. मंडळीत मला पुढे बसवू लागले आणि मीही बसू लागलो.

तीन-चार महिने बरे गेले. मग ती संध्याकाळी कपाळाला पदर बांधून बसू लागली. "ऊन लागलंय," म्हणायची. मंडळीतल्या बायका भेटायला आल्या की चहा ठेवायच्या निमित्ताने आत जायची आणि तोंडात पदर कोंबून खोकायची. बाहेर येऊन हसायची. माझी साक्ष खोटी पडू नये म्हणून ती खोकला गिळत होती, आणि मी ते बघत होतो.

एका सकाळी मोरीमागच्या राखेत अर्धवट पुरलेली चिंधी दिसली. लाल होती.  मी तिथेच बसून प्रार्थना केली: प्रभू, तुझ्या नावाला बट्टा लागू देऊ नकोस. दोन-तीनदा हेच म्हणालो. तिला वाचव, असं एकदाही तोंडून आलं नाही. कुणाच्या नावाला बट्टा लागणार होता ते मला आतून ठाऊक होतं.

तिला बारामतीला घेऊन गेलो. छातीचा फोटो उजेडात धरून डॉक्टर आमच्यावर कडाडले, "गोळ्या कुणी बंद केल्या?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "म्याच. मळमळायचं."

डॉक्टर तिला पुष्कळ बोलले. अडाणी म्हणाले, जिवावर उदार झालीस म्हणाले. ती मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारी उभा होतो आणि हातातली पिशवी या हातातून त्या हातात घेत होतो.

आता नव्या गोळ्या आणि रोज एक इंजेक्शन. "या वेळी लागू पडेलच असं सांगता येत नाही," डॉक्टर मला एकट्याला म्हणाले. प्लँटवर माझं काम दुधाचा कॅन उघडून वास घेण्याचं. नासकं दूध माझ्या नाकाला कळायचं, आणि असा कॅन मी कुणाचीही भीड न धरता परत पाठवायचो. घरी मात्र नाक बंद. मंडळीत कुणी विचारलं तर सांगायचो, अशक्तपणा आहे, प्रार्थनेत आठवण ठेवा.

महिनाभरात तिच्या कानांत रातकिडे ओरडू लागले. मग कुकरची शिट्टी ऐकू येईना. इंजेक्शनाने होतं कधी कधी, असं कळलं. इंजेक्शनं थांबवली, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं. मी हाक मारायचो आणि ती पाठमोरी भाकरी थापत राहायची. त्या दिवसांत मी रोज देवाला म्हणायचो, मला शिक्षा कर, तिला का? वर काही हललं नाही. प्रार्थना छताला लागून परत खाली पडते आहे असं वाटायचं. मरावंसं वाटायचं, आणि तेही धड जमलं नसतं.

अशा एका दुपारी वरकुट्याहून एक म्हातारबाबा आले. पूर्वी मेंढरं राखायचे, आता शेती करत. आमच्यातले नव्हते. सोबत सून होती, बावीस-तेवीसची, काटकुळी, सारखी खोकणारी. तिच्या हातात दवाखान्याची पिशवी.

म्हातारबाबांनी माझ्यापुढे हात जोडले. "दादा, तुमच्या पाळकसायबांनी आमच्या गावात सांगितलं. तुमच्या बाईला देवानं गोळ्याबिगर बरं क्येलं म्हनून. आमी बी ठरिवलंय. उद्यापासनं हिच्या गोळ्या बंद. तेवढी तुमी हिच्या डोस्क्यावर हात ठिवून पराथना करा."

बायको दाराशी गहू निवडत होती. तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ती त्या पोरीच्या पिशवीकडे बघत होती.

मी म्हणालो, "तात्या, गोळ्या बंद करू नका. ती बरी झालीच नव्हती. मी खोटं बोललो."

"काय म्हनालात?" बायकोने मला विचारलं. "मोठ्यानं बोला. मला न्हाय आलं ऐकू."

मी पुन्हा म्हणालो.

"आजून मोठ्यानं!"

मग मी ओरडलो. "मी खोटी साक्ष दिली! गोळ्या मी बंद केल्या! तू नाही, मी!" शेजारची बाई सूप हातात घेऊन ओट्यावर येऊन उभी राहिली. म्हातारबाबा घाबरून उठले. सुनेने पिशवी छातीशी धरली.

बायको उठली. आत जाऊन फळीवरचा जुना डबा काढून आणला आणि उघडून त्या पोरीपुढे धरला. उरलेल्या गोळ्या तशाच होत्या. "मी ह्या खाल्ल्या न्हाईत, म्हनून कान गेलं. तू खा," म्हणाली.

ते दोघे गेल्यावर ती माझ्याकडे वळली. "हे दवाखान्यात बोलायला पायजे हुतं," एवढंच म्हणाली.

पुढच्या रविवारी मी मंडळीत उभं राहून हेच सांगितलं. त्या दिवशी कुणी हालेलूया म्हटलं नाही. वर्षभराने तिचा क्षय गेला. कान गेले ते गेलेच. पण त्या दुपारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. मी खाली बसलो आणि हात जोडून पुटपुटायला लागलो. तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

"मोठ्यानं करा की. मला बी कळू द्या काय मागताय ते."

दार उघडं होतं, शेजारीण ओट्यावरच होती. मी ओरडून देवाला सांगितलं की ही मरेल अशी मला भीती वाटते. माझ्याकडे आता काही नाही, नावसुद्धा नाही. तू काय करशील ते मला माहीत नाही, तरी मी तुझ्याकडेच आलोय. मधेच मी थांबलो. माझे ओठ थांबलेले बघून ती मोठ्याने "आमेन" म्हणाली, आणि गोळीसाठी पाण्याचा तांब्या मागायला हात पुढे केला.