कूलरला चिकटलो त्या दिवशी

"अ‍ॅरिदमिया आहे," डॉक्टर म्हणाले. म्हणजे हृदयाचा ठेका चुकलाय. मला वाटलं, शेजारच्या खाटेवरच्याला सांगताहेत. धंतोलीच्या त्या दवाखान्यात मी आलो कसा, हेच उमगत नव्हतं.

हातावर तांदळाएवढा काळा डाग होता. करंट तिथून शिरला आणि तळपायातून निघाला म्हणे. मधल्या मुक्कामात त्याने काय काय जाळलं, ते चोवीस तास बघायचं होतं. ठेका आणखी बिघडला तर हृदय थांबू शकतं.

"किती वेळ चिकटला होतात?"

"अर्धा तास." आठवत काहीच नव्हतं, पण कमी कशाला सांगा?

"अर्धा तास चिकटला असतात, तर मी हे तुम्हाला विचारत नसतो."

"चार-पाच सेकंद असन, डॉक्टरसाहेब," माझी बायको रत्ना म्हणाली.

हुडकेश्वरच्या आमच्या घरचा कूलर असा, की लावला तर गल्लीतले कपडे वाळतात. त्याला हात लावला की झिणझिण्या यायच्या. दुरुस्त करायचं सोडून आम्ही पाहुण्यांना सांगायचो, "चप्पल घालून हात लाव गा." चालू कूलरमध्ये पाणी भरावं तर मीच, असं मी अर्ध्या नागपूरला ऐकवलेलं. त्या दुपारी अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून पाइप धरला आणि दुसरा हात पत्र्याला लागला. पुढचं रत्नाकडून ऐकलं.

"बटन बंद केलं, तरी हे सुटले नाही. मंग प्लग उपटला."

बटन बंद करूनही? डोकं आणखीच गरगरलं.

"काहून वं, मले हात बी नाही लावला तू?"

"लावला असता त मीबी चिकटली असती. मंग तुमाले इथं कोनं आणलं असतं?"

"म्हणूनच तुम्ही दोघंही आहात," डॉक्टर म्हणाले.

ट्रोपोनिन, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणारी रक्ततपासणी, तीनदा झाली. दर वेळी निकाल येईपर्यंत मी मॉनिटरवरची हिरवी रेघ बघत पडलो. दुसऱ्या दिवशी दुपारी ठेका जाग्यावर आला.

मिस्त्रीने कूलर उघडला. अर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती आणि बटन चुकीच्या तारेवर होतं. पंखा थांबायचा, करंट आत तसाच.

तुमच्या कूलरला झिणझिण्या येत असतील तर आजच दाखवा. पाणी भरण्याआधी प्लग काढा. चिकटलेल्याला हात लावू नका, आधी करंट तोडा. नंतर बरं वाटलं तरी ईसीजी काढाच.

एवढं कळलं. पण समोर नवरा थरथरत असताना हात मागे कसा ठेवला, ते कळेना. रत्नाला विचारलं.

"तुमी माह्याकडंच पाहून राहिले होते," ती म्हणाली आणि उठून गेली.

मला त्यातलं काहीच आठवत नाही. तिला सगळं आठवतं.