कानाशी मोडलेलं हळकुंड

गंगाधर गेल्याचा फोन आला तेव्हा मी तहसील कचेरीत सातबाऱ्याचे कागद लावत बसलो होतो. सकाळच्या सौद्याला हळदीच्या ढिगापाशी उभा असतानाच तो खाली बसला आणि उठलाच नाही. दुपारी गेलो तर वसमतचा अख्खा मोंढा, हळदीचा बाजार, बंद. हमाल रडत होते, व्यापारी डोळे पुसत होते. लिहायला लाज वाटते, पण माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की ही गर्दी खरं म्हणजे माझी होती...

बावीस वर्षांपूर्वी हळदीच्या एका मोठ्या खरेदीदाराला माल तपासणारा माणूस हवा होता. मी रसायनशास्त्राचा बी.एस्सी., तोही पहिल्या वर्गात. गंगाधर माझा कॉलेजातला दोस्त, इतिहासात एम.ए. आणि घरची मोटारसायकल असलेला, म्हणून मला सोडायला आला होता. अर्ज माझा, इस्त्रीचा शर्ट माझ्या अंगात, पेट्रोलही माझंच. शेठनी दोघांना चहा सांगितला आणि दोघांच्याही हातावर एकेक हळकुंड ठेवलं. "कसं हाय, सांगा."

मी रंगद्रव्यापासून सुरुवात केली आणि बराच वेळ बोललो. तोवर गंगाधरनं त्याचं हळकुंड कानाशी नेऊन मोडलं.

"शेठ, वरून वाळलंय, आतून ओलं हाय. आवाज बसका येऊन राहिला. बुरशी धरंल."

शेठनी ते ज्यातलं होतं ते पोतं उपसायला लावलं. तळाचा माल बराबर तसाच निघाला.

"शिक्षण काय तुमचं?"

"इतिहास."

"मग हे कुठं शिकले?"

"घरी दरसाल हळद शिजवतो की. पण माझा अर्ज न्हाई, शेठ. ह्याला घ्या, लई हुशार हाय."

ती शिफारस मला सगळ्यात जास्त झोंबली. नोकरी त्यालाच मिळाली.

आठ दिवस तो कामावर गेलाच नाही. नवव्या दिवशी माझ्या दारात येऊन उभा राहिला. "जाऊ का?" मी म्हणालो, "मला काहून विचारतो?" महिनाभरानं पुन्हा आला. शेठला आणखी एक माणूस लागत होता. "मोंढ्यात ये, पंधरा दिवसांत तुझा कान तयार करून देतो." पहिल्या वर्गाच्या माणसानं इतिहासवाल्याकडून शिकायचं? मी नाही म्हणालो आणि कारकून झालो. तिथंही रसायनशास्त्र कुणी विचारलं नाही.

तो मात्र जिथं जाईल तिथं लोक त्याला हेरायचे. एकदा आम्ही दोघं औंढ्याला दर्शनाच्या रांगेत उभे होतो. पुढच्या शेतकऱ्यानं वळून पाहिलं, ओळखलं आणि धोतराच्या सोग्यातून हळकुंड काढून त्याच्यापुढं धरलं. देवाच्या दारात दोघं कान लावून उभे! मी रांग पुढं सरकली म्हणून सांगितलं, जरा जोरातच सांगितलं. गंगाधर हसला. त्याला माझ्या मनातलं सगळं कळायचं आणि त्याचाही मला राग यायचा.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी त्याच्या बायकोनं, सुमनवहिनींनी, एक हळकुंड आणून माझ्या हातावर ठेवलं. त्याच्या शर्टाच्या खिशात सापडलेलं. तो खिसा कायम पिवळाच असायचा.

"तुमच्यासाठीच हाय हे, भावजी. दर हंगामाला पहिल्या मालातलं एक खिशात घालून फिरायचे. म्हणायचे, औंदा येईल तो शिकायला..."

मी ते घरी आणलं. चार दिवस तसंच ठेवलं. मग दार लावून कानाशी नेलं आणि मोडलं. आवाज आला. खणखणीत होता की बसका, मला ठरवता आलं नाही. दोन्ही तुकडे टेबलावर पडून आहेत. मोंढ्यात नेले तर त्यानं तयार केलेली माणसं बघताक्षणी सांगतील. आता मला त्यांचा हेवा वाटतो.