लेबल झटपट निघू लागलं तेव्हा

उज्जैनच्या बाहेर औषधांचा एक कारखाना आहे. तिथे मी संगणक विभागात कामाला आहे. पॅकिंगच्या लाइनवर खोका स्कॅन केला की त्याचं लेबल निघतं. पण तेव्हा लेबल निघण्याआधी स्क्रीनवर कितीतरी वेळ चकरी फिरत राहायची. लाइन अडायची, आणि मॅनेजर मला फोन करायचे.

शोधता शोधता कारण सापडलं. एकेका खोक्यासाठी डेटाबेस कारखान्याच्या सगळ्या जुन्या नोंदी पहिल्यापासून चाळत बसायचा. मी बॅच नंबरवर इंडेक्स लावला, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी सूची असते तशी सोय केली. नोंद शोधण्याची सूचना, म्हणजे क्वेरी, नव्याने लिहिली. खोका स्कॅन होताच लेबल बाहेर! मॅनेजरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं, घरी आईने शिरा केला.

मग लाइनचा वेग वाढवला गेला.

लाइनवर राम घाटाकडून येणाऱ्या एक वयस्कर बाई होत्या. मी त्यांना मौसी म्हणायचे. एकदा कँटीनमध्ये पाहिलं तर त्यांना पोळीचा तुकडा मोडता येईना. मनगट सुजलं होतं.

"क्या हुआ, मौसी?"

"कुछ नहीं, बेटा. पहले वो चकरी घूमती थी, तो हाथ जरा ठहर जाता था. अब ठहरता ही नहीं."

चकरी कुणी बंद केली, हे त्यांना ठाऊकही नव्हतं. मी ताट तसंच ठेवून उठले.

तशीच मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेले. "सर, लाइनला मधून मधून विसावा द्यायला हवा. आधी तो आपोआप मिळत होता."

"तो विसावा नव्हता, बिघाड होता," ते म्हणाले. "तुम्हीच तर दुरुस्त केलात."

बिघाडच होता तो. क्वेरी पुन्हा संथ करणं माझ्या हातात होतं, आणि ती सगळी दुपार माझ्या डोक्यात तेच घोळत राहिलं. पण तसं केलं नाही. कारखान्याच्या डॉक्टरांना लाइनवर घेऊन गेले, बायकांचे हात दाखवले. मग डॉक्टर स्वतः मॅनेजरांशी बोलले. बरीच टाळाटाळ झाली, पण अखेर मधली छोटी सुट्टी मिळाली, आणि बायकांना आळीपाळीने हलकं कामही.

तोवर मौसींनी काम सोडलं होतं.

पुढे फ्रीगंजच्या बाजारात भाजी घेताना त्या दिसल्या. मी घाईघाईने सुट्टीचं सांगितलं, "वापस आ जाओ ना, मौसी."

त्यांनी उजवी मूठ वळून दाखवली. बोटं अर्ध्यावरच थांबली.

"बाकियों को आराम मिला, अच्छा हुआ," त्या म्हणाल्या, आणि पिशवी रिक्षात ठेवायला माझी मदत मागितली.

लेबलं आजही झटपट निघतात. कुणी त्या कामाची तारीफ केली की मी विषय बदलते.