बोटीसाठी तीन भोपळे

वऱ्हाडात समुद्र नाही. आमच्याकडे पाणी म्हणजे विहीर, आणि पोहायला शिकणे म्हणजे पाठीवर वाळका भोपळा बांधून विहिरीत उतरणे. भोपळा दुधीचा. तो वेलावरच जून होऊ द्यायचा, सावलीत वाळवायचा, देठाशी भेग दिसली तर मेणाने बुजवायची. मग अंबाडीच्या दोरीच्या जाळीत बसवून, दोरी पोराच्या काखांखालून पुढे घेऊन छातीवर गाठ मारायची. दोरीचे माप त्या पोराच्याच छातीचे असते, म्हणून एकाचा भोपळा दुसऱ्याला बांधत नाहीत. आणखीही एक कारण असावे. ते कोणी बोलून दाखवत नसे.

साठ साल उलटून गेले होते. मी अमरावतीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो आणि राजापेठेत दोन खोल्यांत राहत होतो. मुलगा आठ वर्षांचा, मुलगी पाच. पत्नीची थोरली बहीण रत्नागिरीला असे. तिच्या यजमानांची तिथे सरकारी नोकरी होती. मे महिन्यात पोरांना घेऊन या, असे ती दर वर्षी कळवी आणि पत्नी दर वर्षी टाळी. हिवरखेडला, तिच्या माहेरच्या शेतात, तिचा सगळ्यात धाकटा भाऊ लहान असतानाच विहिरीत गेला होता. भर दुपारी, भोपळा न बांधताच उतरला. भोपळा काठावर कोरडा सापडला. तेव्हापासून पत्नी कुठल्या पाण्याच्या काठाला गेली नव्हती.

त्या वर्षी बहीण आजारी पडली आणि पत्नी हो म्हणाली. अट एकच होती. दोन्ही पोरांच्या पाठीला भोपळा पाहिजे.

कचेरीत एक सहकारी कोकणातला होता. त्याला मी बोटीविषयी विचारले.

"बोटीवर काही होत नाही," तो म्हणाला. "पण ती रत्नागिरीला धक्क्याला लागत नाही. खोल पाण्यात उभी राहते. तिथून पडावात उतरायचं, पडाव म्हणजे मोठी होडी. सांभाळायचं ते तेव्हा."

"आम्ही भोपळे घेतोय."

"भाजी तिकडेही मिळते हो."

पत्नीच्या दुसऱ्या भावाने, म्हणजे पोरांच्या मामाने, दिवाळीत दोघांच्या छातीची मापे दोरीला गाठी मारून नेलेली होती. त्याला निरोप गेला. आठवड्याने ओळखीच्या माणसाबरोबर पोते आले. पोत्यात तीन भोपळे निघाले. दोन नव्या दोरीचे, तिसरा लहान. त्याची दोरी जुनी, काळपट. एक जादा पाठवला असेल, असे मी धरून चाललो.

बांधण्याआधी भोपळे पाण्यात पाहून घ्यावे लागतात. अंगणात सिमेंटचा हौद होता. पत्नी आत स्वयंपाक करत होती. मुलाला त्याचा भोपळा बांधला, तो तरंगला. मुलीला नवा भोपळा जरा मोठा वाटला, म्हणून मी जुन्या दोरीचा घेतला. गाठ न सोडता तो तिच्या अंगावर बरोबर बसला. दोरी सैलही नव्हती, काचतही नव्हती.

पाण्यात तिचे पाय सुटले. घाबरेल असे वाटले होते. ती घाबरली नाही.

"बाबा, मले मागून कोणी धरून राह्यलं," ती म्हणाली.

"भोपळा हाये तो, येडे," मुलगा म्हणाला.

"भोपळ्याले हात असते काय?"

हे ऐकून पत्नी बाहेर आली. तिची नजर आधी मुलीवर नव्हे, दोरीवर गेली. तशीच, साडीसकट, ती हौदात उतरली आणि तिने मुलीला उचलून बाहेर काढले. गाठ तिच्या हातांना सुटेना. मी विळीने दोरी कापायला गेलो तर तिने माझा हात धरला.

"कापू नका," ती म्हणाली. "त्याचा हाये हा."

मग तिने भोपळा वरच्या वर, मुलीच्या डोक्यावरून काढला. मुलीची छाती पुसताना ती पुन्हा पुन्हा दोरीची जागा चोळत होती. त्वचेवर वळ नव्हता.

तो भोपळा घरात ठेवायला ती तयार नव्हती आणि फेकायलाही नव्हती. आमची गाडी बडनेऱ्याहून सुटून अकोल्यावरून जाणार होती. मामा तिथे फलाटावर भेटायला येणार होता. त्याच्याकडे परत द्यायचा, असे ठरले. म्हणून तिन्ही भोपळे एका पोत्यात भरले. गाडीत बसल्यावर मुलगी बाकाच्या अगदी कडेला सरकून झोपली. भिंतीकडची जागा तिने मोकळी ठेवली. पत्नीने तिला आत सरकवले, थोड्या वेळाने ती पुन्हा कडेला आली.

अकोल्याला मामा भाकरी-ठेच्याचा डबा घेऊन खिडकीशी आला. पत्नीने डबा घेतला नाही. तिने पोत्यातून जुन्या दोरीचा भोपळा काढून दाखवला.

"हा कावून धाडला?"

"मी तं दोनच भरले होते, बाई," तो म्हणाला. "बुढ्यानं टाकला मागून."

"त्याले समजत नाई काय?"

"मी पण तेच म्हणलं. तं म्हणे, दोघं समुद्र पाहाले चालले. त्यानं कावून नाई पाहावं?"

त्या घरात बुढा, म्हणजे माझे सासरे, गेलेल्या मुलाचे नाव काढत नसत; ते त्याच्याविषयी असे बोलतील, हे पत्नीला नवीन होते. शिटी झाली. भोपळा तिच्या हातात होता आणि मामाचे हात खिडकीशी आलेले होते. तिने डबा घेतला. भोपळा पोत्यात गेला.

मुंबईहून निघालेली बोट रत्नागिरीसमोर सकाळी थांबली. पाणी हिरवट काळे होते आणि शिडीखाली पडाव वर-खाली होत होता. दोन्ही पोरांच्या पाठीला त्यांचे त्यांचे भोपळे होते. उतारू हसत होते. पोते माझ्या खांद्यावर, तोंड सुतळीने बांधलेले. पडाववाल्याने आधी मुलाला उतरवून घेतले, मग मुलीला, मग पत्नीला हात दिला. मी शेवटी उतरलो.

"पोरं किती तुमची?" त्याने विचारले.

"दोन."

तो आमच्या फळीकडे पाहत होता. "ते धाकटं कडेला बसलंय," तो म्हणाला. "त्याला आत घ्या. लाट लागते."

मुलगी पत्नीच्या मांडीवर होती. मुलगा माझा हात धरून होता. मी काही विचारण्याआधी पडाववाला वल्ह्याकडे वळला.

पत्नी कडेकडे पाहत राहिली. मग तिने मुलीला डाव्या मांडीवर घेतले, मला सरकायला सांगितले आणि आमच्या दोघांच्या मध्ये, आतल्या बाजूला, एवढीशी जागा केली. तिचा उजवा हात त्या जागेच्या मागे फळीवर आडवा राहिला.

पडाव माणसांनी भरलेला होता. काहीजण उभे होते. किनारा लागेपर्यंत त्या जागेवर कोणी बसले नाही.