कातड्यातला मुकादम

आमच्या शेजारच्या सरांइतका काळा, आणि स्वतःच्या काळेपणावर इतका खूश माणूस अख्ख्या कोल्हापुरात दुसरा झाला नाही. कॉलेजात ते जीवशास्त्र शिकवत, पण त्यांचा जीव अडकला होता टायरोसिनेज नावाच्या एकाच एन्झाइममध्ये. त्याला ते ‘मुकादम’ म्हणत. या मुकादमाच्या पोटात तांब्याचे दोन अणू असतात, प्रत्येकाला तीन-तीन हातांनी धरलेलं असतं आणि त्या तांब्याच्या जोरावर तो कातड्यात काळा रंग तयार करवतो, हे गल्लीतल्या न्हाव्यालाही पाठ झालं होतं. भर वैशाखात सर बोडक्यानं हिंडत. कुणी छत्री पुढे केली तर म्हणत, "माझी छत्री कातड्यातच हाय. शिरोलीच्या फाउंड्रीगत आत तीन पाळ्या चालत्यात." गोरं करणाऱ्या क्रीमची जाहिरात लागली की ते उठून टीव्ही बंद करत, मग तो टीव्ही आमचा का असेना. आम्ही मनसोक्त हसायचो, मी जरा जास्तच.

नव्वदच्या दशकात ते हसू आटलं. गडहिंग्लजला दिलेल्या माझ्या बहिणीला मुलगी झाली, केस, भुवया, सगळंच पांढरं. "ग्रहणात बटाटे चिरले हिनं, त्याचं फळ," असं म्हणून सासूनं पाठ फिरवली. चार महिने झाले तरी मायलेकींना न्यायला कुणी येईना. बहीण आमच्याकडे भिंतीकडे तोंड करून पडून असे. सरांना हे कळलं आणि दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन एसटीत बसले. पिशवीत दोन बटाटे, एक कच्चा, एक उकडलेला.

सासूबाईंपुढे त्यांनी बटाटे मांडले. "आज ग्रहण न्हाय. चिरा." बाई गोंधळल्या, पण चिरले. चहा होईस्तोवर कच्चा बटाटा काळवंडला, उकडलेला तसाच राहिला. सर म्हणाले, "काळं करणारा ह्यो आपल्या मुकादमाचा चुलतभाऊ. उकडल्यावर कामातनं गेला. नातीचा मुकादम जल्मापासनंच काम करत न्हाय. त्याचा आराखडा आई आणि बाप दोघांकडनं येतो. एक जरी धड असता तरी भागलं असतं. म्हंजे निम्मं तुमच्या लेकाकडनं आलंय. दोष कुणाचाच न्हाय."

बाईंनी काळवंडलेली फोड उचलून उलटीपालटी केली. मग हळूच म्हणाल्या, "पोरीला जपायचं कसं?"

"उन्हापासनं. डोळ्यांस्नी तर लईच."

त्याच रविवारी दाजी न्यायला आले. इतकी वर्षं या माणसाला हसलो, याची मला लाज वाटली.

त्यानंतर सरांनी आयुष्यातली पहिली छत्री घेतली. भाची सुट्टीला आली की ती छत्री तिच्यावर धरून ते तिला फिरवून आणत, स्वतः उन्हात. पोरगी कॉलेजात गेली तोवर सरांचे केस पिकले, उन्हात घेरीही येऊ लागली. एका मे महिन्यात फाटकापाशी तिनं छत्री त्यांच्या हातातून काढून त्यांच्यावर धरली.

"आजोबा, तुमच्या केसातला मुकादमबी रिटायर झाला की."

"व्हय गं," म्हणत त्यांनी छत्री तिच्याकडे ढकलली. तिनं परत त्यांच्याकडे. कोपऱ्यापर्यंत ती छत्री अशीच इकडून तिकडे होत गेली.

सर गेले. मला त्यांची फार आठवण येते. छत्री भाचीकडे आहे; कापड दोनदा बदललंय, दांडा तोच.