अर्धीच्या मागे शेपूट

घरात तिला 'अर्धी' म्हणायचे. नाव आईनेच ठेवलेलं. टायपिंगचा क्लास तिने मध्येच सोडला, पोहायला गेली ती कमरेइतक्या पाण्यातून परत आली, आणि नवऱ्यासाठी विणायला घेतलेल्या स्वेटरची एक बाही होईपर्यंत नवराच संपला. म्हणजे मेला नाही, सुटला. चौदा महिन्यांत.

"जन्मतानासुद्धा डोकं बाहेर काढून थांबली होती," आई आल्यागेल्याला सांगायची. "विचार करत होती, पुढे यावं की नको."

कामात मात्र ती काहीच अर्धं ठेवत नसे. दातांच्या लॅबमध्ये ती कवळ्या बनवायची, एकोणीस वर्षं. डॉक्टरांकडून प्लॅस्टरचे जबडे यायचे, पोकळ आणि पांढरे, कपाळावर चिठ्ठी चिकटवलेले. ती खिडकीखालच्या टेबलाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात बसवायची. वर चौदा, खाली चौदा. घासणीची भुकटी पापण्यांवर बसायची, त्यामुळे संध्याकाळी ती दहा वर्षांनी म्हातारी दिसायची. आईची कवळीही तिनेच केलेली. ती कवळी घालूनच आई तिला अर्धी म्हणायची.

चाळिशीत ती डोंगरात पळायला लागली. आधी दहा किलोमीटर, मग एकवीस, मग सरळ पन्नास. एका वर्षात पाच वेगवेगळ्या डोंगरांत पाच शर्यती अशी ती मालिका होती. पाचही वेळेत पूर्ण केल्या तर बोर्डावर नाव. चार केल्या तर घरी जा.

ताईच्या घरी जेवणाच्या टेबलावर तिने हे जाहीर केलं. आई तीन वर्षं ताईकडेच होती, खुब्याचं हाड मोडल्यापासून.

"पाच पूर्ण केल्या ना, तर या घरात मला कुणी अर्धी म्हणायचं नाही."

"आणि नाही केल्यास तर?" ताईने विचारलं.

"तर आईला मी नेते."

ताईने हातातली वाटी खाली ठेवली. "किती दिवस?"

"कायमची."

"लिहून दे."

"ताई, असं काय करतेस?"

"पेन आणू?"

आई समोरच बसली होती. कवळी काढून पाण्यात ठेवलेली होती, त्यामुळे ती जे काही म्हणाली ते कुणाला कळलं नाही.

ताई शाळेत गणित शिकवायची. सव्वीस वर्षं परीक्षांवर देखरेख केलेली बाई. "वेळ संपली, पेपर खाली" म्हणाली की मुलाची वेलांटी हवेत राहायची आणि कागद ताईच्या हातात असायचा. सुट्टीच्या दिवशी ती डोंगर चालायची. शर्यतींच्या संयोजकाने तिचं घड्याळप्रेम ओळखून तिला मालिकेचं शेपूट करून टाकलं. हा माणूस बोलण्याआधी गळ्यातली शिट्टी फुंकायचा, म्हणून सगळे त्याला शिट्टी म्हणत. शेपूट म्हणजे सगळ्यांत शेवटच्या धावणाऱ्याच्या मागून चालायचं आणि जाता जाता झुडपांना बांधलेल्या खुणेच्या रिबिनी सोडून घ्यायच्या. वेळेत कोण बसत नसेल तर त्याच्या छातीवरचा नंबर काढून घ्यायचा. पाणी द्यायचं नाही, हात द्यायचा नाही. नंबर घेतला की मग काय ती माणुसकी.

"बहीण पळतेय, चालेल ना?" शिट्टीला कुणी तरी विचारलं होतं.

"अहो, या बाईंनी स्वतःच्या नवऱ्याला बाद केलंय. दोन मिनिटांसाठी. बहीण कसली घेऊन बसलात!"

पहिल्या शर्यतीत अर्धी शिकली की चढ माणसाला दमवतो, पण मारतो तो उतार. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळालं. दुसऱ्या शर्यतीत कळलं की वाटेत उभे राहून "आलंच, थोडंच राहिलं" म्हणणारे सगळे खोटं बोलतात, आणि प्रेमाने बोलतात.

तिसरीत एक माणूस दगडावर बसला होता. ओठ पांढरे पडलेले. "ताई, घोटभर पाणी द्या हो," म्हणाला. तिच्याकडे अर्धी बाटली होती. "पुढे मिळेल," असं सांगून ती निघाली. पुढे पाणी नव्हतं. ती तीन मिनिटं राखून पोहोचली आणि त्याला चार जणांनी उचलून आणलं.

लॅबमध्ये शेजारी बसणाऱ्या मेणवालीला तिने हे सांगितलं.

"दिलं असतंस तर?"

"तर तीन मिनिटं गेली असती."

"आणि आता?"

"आता काय? झोप लागते मला."

मेणवालीने त्या दिवशी डबा दुसऱ्या टेबलावर जाऊन खाल्ला.

चौथीत ती काही शिकली नाही. नुसती पळाली.

पाचवी शर्यत पहाटे पाचला सुटली. पन्नास किलोमीटर, अकरा तास. शेवटचा चेकपॉइंट शेहेचाळिसाव्या किलोमीटरवर, तिथे दुपारी तीनच्या आत पोहोचायचं. पुढच्या चार किलोमीटरना एक तास. अठ्ठाविसाव्या किलोमीटरला तिचा गुडघा दुखायला लागला. तिसाव्याला ती सगळ्यांत शेवटी होती, आणि मागे वाळक्या पानांवर ओळखीची पावलं वाजत होती.

"ताई, तू आहेस का?"

"शेपूट आहे. पुढे बघ."

"थोडी लांबून चाल ना."

"दहा पावलं असा नियम आहे. मोजून चालतेय."

आठ तासांनी अर्धीच्या मनगटावरचं घड्याळ बंद पडलं. फोन पाठपिशवीच्या तळाशी, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला. तो काढायला बसावं लागलं असतं, आणि बसलं की उठता येत नाही हे तिला माहीत होतं.

"किती वाजले गं?"

"एक चाळीस. गुडघा वाकडा टाकतेयस."

"माहितीये."

"लहानपणापासूनच तसा टाकतेस. आई म्हणायची, ही चालते ती पण तिरकी."

"आईला कशाला आणतेस मध्ये?"

"मी आणते? आई तर आहेच मध्ये. सकाळी निघताना चादर बदलून आले. दोनदा. दुसऱ्यांदा मुद्दाम केलं असं मला वाटतं."

ओढ्यापाशी अर्धीने पुन्हा वेळ विचारली. दोन वाजून पाच. मग चढ लागला. मुरमाचा, एक पाऊल वर की अर्धं खाली. तोंडात लाळ नव्हती. तिने दात इतके आवळले होते की कानापाशी कळ येत होती. वर पोहोचली तेव्हा आपण किती वेळ चढलो, वीस मिनिटं की तासभर, हे तिला सांगता आलं नसतं.

"आता किती?"

ताईने घड्याळाकडे पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"तीन वाजून दोन."

"नाही."

"तीन वाजून दोन मिनिटं. वेळ संपली. पेपर—" ताई थांबली. "नंबर दे."

सव्वीस वर्षांत ताईने कुणाला एक मिनिट जास्त दिलं नव्हतं, की कमी दिलं नव्हतं. अर्धी खाली बसली. छातीवरच्या चार पिना तिने स्वतःच काढल्या. ताईने नंबर घेतला आणि चार घड्या करून खिशात टाकला.

"रडू नकोस."

"घाम आहे."

मग ताईने बाटली पुढे केली. अर्धी घटाघटा प्यायली. ताईने तिला काखेत हात घालून उठवलं, बिस्किटं काढली, पाठपिशवी स्वतःच्या खांद्यावर घेतली. चालता चालता रिबिनी सोडत ताई बोलायला लागली, आणि बोलतच राहिली.

"डाव्या कुशीवर झोपवायचं नाही. सकाळची गोळी रिकाम्या पोटी, पण तिला सांगायचं नाही गोळी आहे म्हणून, चमच्यात दडवायची. खुर्चीही देते, भांडं लावलेली. शनिवारी आणून सोडू का? की उद्याच? उद्या मला सुट्टी आहे."

अर्धीने तिच्याकडे पाहिलं. चोपन्न वर्षांची बाई उतारावरून जवळजवळ उड्या मारत चालली होती.

वळण संपलं. झाडाखाली टेबल होतं, पाण्याचे पिंप होते, आणि टेबलावर लाल आकड्यांचं भलंमोठं घड्याळ.

दोन बावन्न.

शिट्टी वाजली. "या, या! आठ मिनिटं आहेत की हातात! आणि नंबर कुठाय?"

अर्धीने आकडे वाचले आणि परत वाचले.

"ताई."

"बघितलं मी."

"तू आयुष्यात कधी—"

"नाही. कधीच नाही. ही पहिली वेळ." ताईने तिला दंडाला धरून बाजूला घेतलं. "तीन वर्षं, अगं. तीन वर्षं मी एक रात्र सलग झोपलेली नाही. तू रविवारी दोन तास येतेस, तिचे दात घासून देतेस आणि जातेस. आणि ती आठवडाभर म्हणते, धाकटीचे हात किती हलके."

"हो का? मला कधी म्हणाली नाही."

"तुला कशाला म्हणेल!"

शिट्टी जवळ आला. "हे बघा, घरचं घरी. नंबर स्वतःहून दिला असेल तर बाद. चुकीची वेळ सांगून काढून घेतला असेल तर परत. कोणतं, ते सांगा. सहा मिनिटं."

"स्वतःहून दिला म्हण," ताई पुटपुटली. "एवढंच. तुला नाव नको ना ते? आजपासून नाही म्हणणार. मी नाही, माझी पोरं नाहीत, आईचंही तोंड मी धरेन. त्या बोर्डाशिवाय तुला ते मिळतंय. घेऊन जा गं तिला. मी मरेन."

अर्धीने गुडघा चोळला. एकदा, दोनदा.

"चुकीची वेळ सांगितली," ती शिट्टीला म्हणाली. "मुद्दाम."

ताईने खिशातून नंबर काढला. घड्या उलगडून, हाताने सपाट करून टेबलावर ठेवला, जसे उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायची.

"बाई, पुढच्या वर्षीपासून तुम्ही नको," शिट्टी तिच्याकडे न बघता म्हणाला. "पण आजचं शेपूट तुम्हीच. रिबिनी कोण काढणार?"

शेवटचे चार किलोमीटर त्या दोघी चालल्या, दहा पावलांच्या अंतराने. रिबीन तुटल्याचा आवाज तेवढा यायचा. एकदाच ताई बोलली.

"डावीकडे खड्डा आहे."

अर्धीने पाय उजवीकडे टाकला.

तीन एक्कावन्नला ती कमानीखालून गेली. गळ्यात पदक पडलं, तिने ते उलटसुलट करून पाहिलं. मागून ताई आली, रिबिनींचा गोळा टेबलावर ठेवला, सही केली आणि गाडीत जाऊन बसली.

अर्धीने फोन काढला. आईने पहिल्याच रिंगला उचलला.

"झालं का?"

"झालं. पाचही."

"पूर्ण?"

"पूर्ण, आई."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"म्हणजे मी हिच्याकडेच."

"हो."

"बरं." आईची कवळी किंचित वाजली. "मग तुला आता काय म्हणायचं?"

"नावाने हाक मार."

"हं," आई म्हणाली. हाक मात्र मारली नाही. "तिला सांग, येताना माझं मलम घेऊन ये. संपलंय."

ती लंगडत गाडीपाशी गेली. ताई दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसली होती. बाहेरून तिने काचेवर टकटक केलं. काच चार बोटं खाली आली.

"आईचं मलम संपलंय. येताना घे म्हणाली."

"कुठलं?" ताईने विचारलं. "पांढरं की पिवळं?"

तिला माहीत नव्हतं.