विकलेल्या बैलाला आवतण: देऊळघाट ते रोहिणखेड

माझी नात सध्या स्पेनमध्ये शिकते. परवा तिने तिथल्या एका शहराच्या जुन्या चौकातले फोटो पाठवले. दगडी कमानी, सज्जांतून लोंबणारी फुलं, बँडबाजा आणि जीव मुठीत धरून पळणारी माणसं. त्यांच्या मागे बैल. "आजी, असला सण पाहिलायस का कधी?" मी म्हटलं, बाई, तिथं बैल माणसांच्या मागे लागतात. आमच्याकडे माझा मामा बैलाच्या मागे लागला होता, तोही एसटीने, पुरणपोळीचा डबा घेऊन. "मग लिही की ब्लॉगवर," ती म्हणाली. तर हे लिहिते आहे. पोळ्याला बुलढाण्याकडे जायचा विचार असेल तर कामाच्या चार गोष्टीही यात सापडतील.

महाराष्ट्र राज्य नुकतं झालं होतं. माझा मामा मात्र अजून नागपूरच्या सरकारलाच शिव्या द्यायचा, कारण आमच्या वऱ्हाडाचा कारभार आधी तिथूनच चालायचा आणि जिभेला तीच सवय. मी अमरावतीला बी.ए. करत होते आणि सुट्टीला देऊळघाटला मामाकडे आले होते. मामाची बैलजोडी होती सरदार आणि नवाब. नवाब म्हणजे मामाचा जीव की प्राण. त्या वर्षी बैलगाड्यांच्या शर्यतीत, म्हणजे शंकरपटात, मामाने ही जोडी उतरवली. वर्षभर गावाला सांगून ठेवलं होतं की पहिला नंबर आपलाच. जोडी सुटली, पुढे गेली, आणि निम्म्या वाटेवर नवाब थांबला. चार पाय रोवून निवांत मुतला. बाकीचे गाडे पुढे निघून गेले तरी त्याचं चालूच. सगळा पट हसत होता. मामा घरी आला आणि पुढच्याच बाजारात त्याने नवाबला रोहिणखेडच्या करीमभाई नावाच्या शेतकऱ्याला विकून टाकलं. सरदारच्या जोडीला हिरा नावाचा नवा बैल आणला. नवाबचं नाव घरात काढायचं नाही असं फर्मान निघालं.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून दुखावलेले बैलांचे खांदे लोणी-हळदीने चोळायचे आणि त्यांना रीतसर जेवायचं आमंत्रण द्यायचं. त्याला आवतण म्हणतात. मामाने सरदारचा खांदा चोळला, हिऱ्याचा चोळला, हात जोडले आणि म्हणाला, "सरदार, नवाब, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मामी दिवा घेऊन उभी होती. तिच्यापुढे सरकारही बोलायला घाबरलं असतं.

"आवतन कोनाले देल्लं तुम्ही?"

"हिऱ्याले."

"म्या कानानं ऐकलं. नवाबले देल्लं. आता तो जेवाले आला नाही तं पाप कोनाच्या माथी?"

मामाने हिऱ्याला वेगळं आवतण दिलं, पण दिलेलं आवतण परत घेता येत नाही. पाहुण्याला बोलावून उपाशी ठेवलं असं व्हायला नको. मामा रात्रभर कूस बदलत होता. पहाटे म्हणाला, "मले मोताळ्याकडं जरा काम हाय." पोळ्याच्या दिवशी, स्वतःची जोडी धाकट्या भावाच्या हवाली करून, कुणाला मोताळ्याला काम असतं? मामीने काही न विचारता पुरणपोळ्यांचा डबा पुढे ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "सुमे, तू जाय सोबत. हा मानूस तिथं जाऊन भांडीन."

देऊळघाटहून बुलढाणा आणि तिथून दुसऱ्या गाडीने राजूर घाट उतरून मोताळा. श्रावणात हा घाट हिरवागार असतो. खिडकीची जागा पकडा. मात्र शेजारच्याने पहाटे वडे खाल्ले असतील तर पुढचं बाकडं गाठा. एसटीची तिकिटं मामाने काढली आणि मोताळ्यातल्या चहाचे पैसे माझ्याकडून घेतले. वाटेत मामा नुसत्या पावसापाण्याच्या गोष्टी करत राहिला. डबा मात्र मांडीवरून खाली ठेवेना.

मोताळ्याहून पुढे बैलगाडी करू, असं आम्ही ठरवलं होतं. हे वाचून तुम्ही हसला नसाल तर तुम्हीही आमच्याच माळेचे. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. जन्मभर शेती केलेल्या माणसाला हे मोताळ्यात आठवलं. मग काळ्या मातीचा चिखल तुडवत पायी निघालो. चपला हातात घ्या, नाहीतर त्या रानातच राहतील.

रोहिणखेडला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. जुन्या मशिदीजवळच्या मोकळ्या जागेत सगळं गाव उतरलं होतं. आंब्याच्या पानांचं लांबच लांब तोरण बांधलेलं, त्याच्या अलीकडे जोड्यांची रांग. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घुंगरमाळा. कपाळाला आरसे लावलेला एक बैल तर आमच्या कॉलेजातल्या कुठल्याही मुलीपेक्षा जास्त नटला होता. भजीवाल्याची कढई चालू होती, फुगेवाला पिपाणी वाजवत होता, ओट्यांवर म्हातारे बसून प्रत्येक बैलाची आणि त्याच्या मालकाची खोड काढत होते. भजी जरूर खा. गरम असताना तेलाचा विचार येत नाही.

नवाब रांगेत मधोमध होता. अंगावर हिरवी झूल, शिंगं सोनेरी. मामाकडे असताना तो कधी एवढा गलेलठ्ठ नव्हता, आणि ते मामाच्याही लक्षात आलं. शेजारी करीमभाई कासरा धरून उभा होता. उंच, दाढीवाला, नवं धोतर नेसलेला. मामाला पाहताच त्याने कासरा आवळून धरला.

"सौदा झाला तो झाला, पाटील. बैल वापस भेटनार नाही."

"कोन मांगते वापस? मी तं असाच इकडून जाऊन राह्यलो होतो."

"पोळ्याच्या दिवशी? डबा घेऊन?"

मामा आभाळाकडे पाहायला लागला. एवढी पायपीट करून हा माणूस आता खोटं बोलून परत फिरणार, हे मला दिसलं आणि मला त्याची दया आली, रागही आला. मी सरळ सांगून टाकलं, "चाचा, मामानं काल चुकून नवाबले आवतन देल्लं. आता त्याले जेवू घातल्याबिगर मामाच्या घशाखाली घास उतरत नाही."

करीमभाई इतका हसला की हातातला कासरा सुटला. "आमच्याकडं आवतन-बिवतन नसते, पाटील. आम्ही सिधं खाऊ घालतो." पण तोरण तुटून पोळा फुटेपर्यंत बैलाला काही घालता येणार नव्हतं, म्हणून थांबलो. तेवढ्यात करीमभाईने शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि आता काय होणार ते मला कळलं.

कारण पोळ्यात झडत्या म्हणतात. कुणीतरी जुळवलेल्या ओळी ओरडून म्हणतो, त्यात कुणाची तरी टोपी उडवतो, आणि सगळे "हर हर महादेव" गर्जतात. ढोल थांबला आणि तो शेजारी पुढे आला:

"पटात बैल थांबून गेला,
रागात मालक विकून गेला,
गेला तं गेला, पन काय सांगू बाप्पा,
पुरन घेऊन मागंच आला!"

सगळा चौक आमच्याकडे वळला. पटातलं तेच हसू, तेही परगावात. मामाचे कान लाल झाले. मी त्याचा दंड धरला आणि मामीला काय सांगायचं ते मनात जुळवू लागले. मामाने दंड सोडवून घेतला, डबा माझ्या हातात दिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला:

"पाव्हन्याले आवतन देल्लं,
पाव्हना नाही आला घरी,
मंग यजमानच निघून आला
पाव्हन्याच्या दारी!"

"हर हर महादेव" एवढ्या जोरात झालं की मशिदीवरची कबुतरं उडाली. करीमभाईने मामाच्या पाठीत गुद्दा हाणला. तो प्रेमाचा होता, हे मामाला जरा उशिरा कळलं.

मग तोरण तुटलं, जोड्या निघाल्या. नवाब बरोबर तोरणाखाली आला, थांबला, चार पाय रोवले आणि निवांत मुतू लागला. मागे सगळी रांग अडली. लोक ओरडत होते, करीमभाई कासरा ओढत होता, नवाब जागचा हलेना.

मामाच्या डोळ्यांत पाणी होतं. "पाह्य सुमे," तो म्हणाला, "म्या समजलो, त्यानं तेव्हा माही इज्जत काढली. त्याची तं आदतच हाय लेकाची." आणि मग मामा हसला. पटानंतर मी त्याला पहिल्यांदाच हसताना पाहत होते.

पोळ्या मामाने स्वतःच्या हाताने भरवल्या. नवाबने त्याला ओळखलं की नाही, हे मी शपथेवर सांगणार नाही. त्याने पोळ्या खाल्ल्या, हात चाटला आणि मामाच्या धोतराचा सोगाही तोंडात धरला. पण तसं तो फुगेवाल्याच्या धोतराचंही करत होता. परतीची गाडी चुकली ती चुकलीच. करीमभाईच्या ओसरीवर झोपलो, त्याच्या बायकोने केलेली गरम भाकरी आणि ठेचा खाऊन. सकाळी चिखल तोच होता, मामा मात्र मोताळ्यापर्यंत गुणगुणत आला. चहाचे पैसे पुन्हा माझ्याकडूनच घेतले.

नात विचारते, त्या प्रवासातलं काय उरलं? चपला उरल्या नाहीत. उरलं ते पुढच्या वर्षीचं.

खांदमळणीची संध्याकाळ होती. मामा गोठ्यात होता, मी आणि मामी अंगणात. करीमभाई चिखलाने भरलेले पाय घेऊन दारात उभा राहिला. हातात वाटी, वाटीत लोणी आणि हळद. मामीला म्हणाला, "भाभी, तुमच्यात असंच करतेत ना? शेजाऱ्याले पुसून आलो." मग गोठ्यात जाऊन त्याने मामाला उभं केलं, सदरा खांद्यावरून सरकवला आणि खांदा लोणी-हळदीने चोळायला लागला.

"पाटील, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. नवाबनं बोलावलं हाय."

मामी गोठ्याच्या दारात पदर तोंडाला लावून हसत होती. जन्मभर सरकारला शिव्या देणारा माझा मामा सरदार आणि हिऱ्याच्या मधोमध मान खाली घालून उभा होता. एक खांदा चोळून झाला तसा त्याने दुसरा पुढे केला.